दलमा बेटावरचा रिकामा आठवडा

"आठवडाभर काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पाण्याच्या कडेला बसायचं. येतोस का?"

अण्णाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. समोर दोन स्क्रीन, त्यातल्या एका स्क्रीनवर मीटिंग चालू. 'बघतो' म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "बघतो-बिघतो नको. डिसेंबरात मी जातोय. कायमचा."

अण्णा हे त्याचं खरं नाव नव्हे. सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी होस्टेलवर कुणीतरी ठेवलेलं, ते चिकटलं. तो मेकॅनिकलचा, मी कॉम्प्युटरचा. पास झाल्यावर तो माझ्याआधी दोन वर्षं अबू धाबीत आला. 2014 साली मी व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आलो, तेव्हा मुसफ्फामधल्या त्याच्या बेडस्पेसमध्ये, दोन पलंगांच्या मध्ये गादी टाकून सात आठवडे झोपलो. त्या सात आठवड्यांचं भाडं त्याने घेतलं नाही. आखातात ज्यांनी बेडस्पेसमध्ये दिवस काढलेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

गेल्या मार्चमध्ये तासगावला त्याच्या वडिलांना, आबांना अर्धांगवायूचा झटका आला. घरी आई, चार एकर द्राक्षबाग आणि बँकेचं कर्ज. बहीण कोल्हापूरला दिलेली. अण्णाने सहा महिने दर पंधरवड्याला विमानाची तिकिटं काढून पाहिली आणि मग एक दिवस राजीनामा दिला. मला कळवलं ते सगळं ठरल्यावर. त्याचा मला थोडा रागही आला होता.

घरी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "जा तू. मी आणि पिल्लू आठवडाभर मजा करू. तो आता परत कधी भेटतोय?"

सुरुवातीला आम्ही मालदीव बघितलं. अण्णाने पॅकेजचा आकडा पाहिला आणि म्हणाला, "तीन रात्रींच्या पैशात आबांचा सहा महिन्यांचा फिजिओथेरपिस्ट होतो." विषय संपला. मग त्यानेच नाव काढलं, दलमा. कंपनीच्या कामासाठी तो एकदा तिथे जाऊन आला होता. "बेट आहे, समुद्र आहे, खजुराची झाडं आहेत. आणखी काय पाहिजे?"

दुबई-अबू धाबीत दहा-दहा वर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही दलमा बेट माहीत नसतं. मलाही नव्हतं. अबू धाबी शहरातून इ-11 महामार्गाने सौदीच्या दिशेने निघायचं. डावीकडे वाळू, उजवीकडे अधूनमधून समुद्राची निळी रेघ. अडीच-तीन तासांनी रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या दिसतात आणि पुढे जबल अल धन्ना येतं. इथून बहुतेक पर्यटक सर बनी यास बेटाकडे जातात. शेख झायेद यांनी 1971 पासून तिथे प्राणी आणि झाडं जोपासली, आज तिथे अरबी ओरिक्स हरणांचे कळप मोकळे फिरतात आणि रिसॉर्टही आहेत. आम्ही मात्र शेजारच्या मुगर्रक बंदरातून गाडीसकट फेरीबोटीत चढलो. बोटीवर भाजीचे ट्रक, शाळेच्या सुट्टीला घरी निघालेली अमिराती कुटुंबं, दोन-तीन पठाण आणि आम्ही दोघे सांगलीकर.

मी बायकोला 'ट्रॉपिकल आयलंडवर चाललोय' असं ऐटीत सांगितलं होतं. बोटीवर नकाशा उघडला तर कळलं की कर्कवृत्त या देशाच्या दक्षिण भागातून जातं आणि दलमा त्याच्या उत्तरेला पडतं. म्हणजे काटेकोरपणे उष्ण कटिबंधात आपली सांगली आहे, हे बेट नाही. अण्णा म्हणाला, "तुझं हे असंच. आधी घाम पूस."

बेट लहानच आहे. गाडीने चक्कर मारायला फार वेळ लागत नाही. मधे उघडेबोडके, रंगीत खडकांचे डोंगर आणि काठाला सपाट जागेवर वस्ती. जमिनीच्या पोटातला प्राचीन मिठाचा थर हळूहळू वर सरकतो आणि डोक्यावरचे खडक उचलून धरतो, त्यातून हे डोंगर झाले. गावात शाळा, दवाखाना, मासळीबाजार, मशिदी, आणि जिथे जावं तिथे असते तशी एका मलबारी भावाची कॅफेटेरिया. आम्ही एका साध्या गेस्ट हाऊसमध्ये दोन पलंगांची खोली घेतली. "यावेळी गादी मी टाकतो खाली," अण्णा म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो.

पहिले दोन दिवस मला सुट्टी जमलीच नाही. सकाळी डोळे उघडले की हात फोनकडे. ऑफिसचे मेसेज, ग्रुपवरचे मेसेज, सर्व्हरचे अलर्ट. अण्णा पहाटे उठून समुद्रावर जायचा आणि नऊ वाजता दोन कागदी पेल्यांत करक चहा घेऊन परत यायचा. तिसऱ्या दिवशी त्याने माझा फोन घेतला, गाडीच्या डिकीत टाकला आणि किल्ली खिशात घातली. "रात्री आठला अर्धा तास मिळेल. घरी बोलायला."

त्यानंतर खरा आठवडा सुरू झाला. नोव्हेंबरातलं पाणी, ना गार ना गरम. सकाळी गुडघाभर पाण्यात नुसतं उभं राहायचं, पायांभोवती बोटाएवढे मासे फिरायचे. दुपारी झोप. संध्याकाळी बंदरावर मच्छीमारांच्या होड्या यायच्या. होड्यांवरचे लोक बहुतेक बांगलादेशी आणि केरळी. इथे 'कनाद' म्हणतात ती आपली सुरमई, हे मला तेव्हा कळलं. घाटावरची आम्ही माणसं, माशातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. पण अण्णाने सामानात ज्वारीचं पीठ, तवा, शेंगदाण्याची चटणी आणि भडंगाची पिशवी आणली होती. गेस्ट हाऊसच्या छोट्या किचनमध्ये तो भाकरी थापायचा आणि मी कॅफेटेरियातून तळलेला मासा आणायचो. सुरमई आणि भाकरी हे जेवण आमच्या दोघांच्याही आयांनी कधी केलं नसेल. पण आम्ही चार रात्री तेच जेवलो.

चौथ्या दिवशी ऊन जास्त होतं म्हणून म्युझियम बघायला गेलो. मोत्यांचे व्यापारी मोहम्मद बिन जासिम अल मुरैखी यांचं हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं दोन मजली घर. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं आणि नंतर नीट दुरुस्त करून जतन केलेलं. खाली मोत्यांचा व्यवहार चालायचा, वर पाहुण्यांची बैठक. शेजारी त्याच काळातल्या जुन्या मशिदी.

दलमा हे मोत्यांचं बेट. व्हेनिसचा जवाहिऱ्या गॅस्पारो बाल्बी याने 1590 साली छापलेल्या पुस्तकात या भागातल्या मोत्यांच्या बेटांची यादी दिली, तीत दलमाचं नाव आहे. आणि गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे. इथून पूर्वेला मरावाह नावाचं बेट आहे, तिथल्या उत्खननात जगातला आजवरचा सर्वांत जुना मोती मिळाला, सुमारे 8,000 वर्षांपूर्वीचा. 2019 साली तो लूव्र अबू धाबीमध्ये मांडला होता. खुद्द दलमावर खजुराच्या जळक्या बिया सापडल्या, त्या सुमारे 7,000 वर्षांपूर्वीच्या. कुणीतरी खजूर खाऊन बी चुलीत टाकली आणि ती एवढी वर्षं टिकली.

मोती काढायचा मोठा हंगाम उन्हाळ्यात असायचा. साधारण जून ते सप्टेंबर, चार महिने. होडीचा कप्तान म्हणजे नाखुदा. आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' तो हाच, शब्द एकच. खाली बुडणाऱ्याला म्हणायचे घैस आणि वर दोरी धरून बसणाऱ्याला सैब. घैसाच्या नाकाला कासवाच्या पाठीचा किंवा शिंगाचा चिमटा, गळ्यात जाळीची टोपली, पायाला दगड. सकाळी थोडे खजूर आणि कॉफी, मग दिवसभर बुड्या. एक श्वास, फार तर मिनिट-दीड मिनिट. हवा संपत आली की खालून दोरीला हिसका द्यायचा आणि सैबाने ओढून घ्यायचं. सैबाची नजर चुकली, हात सुस्तावला, तर खालचा माणूस गेला. म्हणून घैस आपला सैब निवडून घेई, बऱ्याचदा नात्यातला किंवा खात्रीचा माणूस.

हे ऐकताना मी अण्णाकडे पाहिलं नाही. मुसफ्फातली गादी आठवली, एवढंच.

हे मोती जायचे कुठे? बरेचसे आपल्या मुंबईला. आखातातले व्यापारी मोती घेऊन मुंबईच्या मोती बाजारात यायचे, तिथे त्यांना भोकं पाडली जायची, प्रतवारी व्हायची आणि मग ते पॅरिस-लंडनला जायचे. आपल्याकडे नथीत आणि तन्मणीत ज्यांना 'बसऱ्याचे मोती' म्हणतात, ते याच समुद्रातले. बसरा हे व्यापाराचं बंदर, म्हणून ते नाव. माझ्या आजीच्या नथीत असे मोती आहेत असं ती सांगायची. ते खरंच बसऱ्याचे होते की सांगलीच्या सराफाने सांगितलं म्हणून बसऱ्याचे, देव जाणे. पण त्या काचेच्या कपाटासमोर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपण या देशात तेल निघाल्यावर आलेलो नाही. येणंजाणं त्याआधीचं आहे. इथे रुपया चालायचा. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. 1966 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केल्यावर इथल्या राज्यांनी तो सोडला, आणि आजचा दिरहम आला 1973 मध्ये. अजूनही इथला म्हातारा टॅक्सीवाल्याला 'सीदा' जा म्हणतो आणि चपलेला 'जूती' म्हणतो.

मोत्यांचा धंदा बसला तो 1929 च्या जागतिक मंदीने आणि जपानच्या मिकिमोतोच्या कल्चर्ड मोत्यांनी. समुद्रात तेल सापडलं 1958 मध्ये. मधली तीस वर्षं या किनाऱ्यावर फार हलाखीची गेली.

म्युझियममधून निघताना एक शब्द माझ्या डोक्यात राहिला, 'कुफाल'. इथल्या बोलीत 'गफाल'. हंगाम बंद होण्याचा दिवस. त्या दिवशी सगळ्या होड्या एकत्र परतीला लागायच्या आणि किनाऱ्यावर बायकापोरं वाट बघत उभी असायची. त्याची आठवण म्हणून 1991 पासून सर बू नायर बेटावरून दुबईपर्यंत पारंपरिक शिडाच्या होड्यांची 'अल गफाल' शर्यत होते. दुबईत राहून मी तिच्या बातम्या अनेकदा पाहिल्या होत्या, पण त्या शब्दाचा अर्थ 'घरी परतणं' असा आहे हे ठाऊक नव्हतं.

रात्री वाळूवर चटई टाकून बसलो होतो. मी म्हटलं, "त्यांचं बरं होतं. तारीख ठरलेली. मोती मिळो न मिळो, चार महिने झाले की घर. आपल्याला कुफाल नाही."

अण्णा भडंग खात होता. म्हणाला, "त्या होडीवर जायच्या आधी पैसे उचलायचे ते ऐकलंस ना? नाखुद्याकडून? हंगाम वाईट गेला तर पैसे फिटायचे नाहीत, पुढच्या वर्षी परत त्याच होडीवर. बाप मेला तर कर्ज पोरावर. आपल्याकडे काय म्हणतात त्याला?"

"उचल," मी म्हणालो.

"उचल. आमच्याकडे उसाला टोळ्या येतात बीडकडून. मुकादमाची उचल घेतलेली असते. कारखान्याचा पट्टा पडला की बैलगाडी भरून गावाला जातात. तारीख त्यांनाही आहे. पण सुटतात का?"

मी गप्प बसलो. मग तो म्हणाला, "आणि तुझी उचल केवढी आहे?"

माझी उचल म्हणजे पुण्याचा फ्लॅट. 2017 मध्ये घेतला, भाड्याने दिलाय. हप्ते फिटले की परत, असं ठरवलं होतं. मग मुलगी झाली, मग तिची शाळा, मग बायकोचीही चांगली नोकरी. दर वर्षी बाबा विचारतात आणि दर वर्षी मी सांगतो, "अजून दोन वर्षं." अकरा वर्षं झाली, ती दोन वर्षं तेवढीच आहेत. बाबा बहात्तरचे आहेत. गेल्या वर्षापासून त्यांनी विचारायचंही कमी केलंय.

"मला वाटलं होतं, तू मला थांबवशील," अण्णा एकदम म्हणाला.

"थांबवायचंच होतं. पण तू सगळं ठरवून मग सांगितलंस."

"म्हणून तर ठरवून सांगितलं." थोडा वेळ थांबून तो बोलू लागला. अडतिसाव्या वर्षी परत जातोय. गावाकडे मेकॅनिकलला कोण नोकरी देणार? बागेवर एकदा अवकाळी पाऊस पडला की वर्ष गेलं. ग्रॅच्युइटीचा हिशोब त्याने वहीवर दहा वेळा मांडला होता. पहिल्या पाच वर्षांचे वर्षाला 21 दिवसांचे मूळ वेतन, त्यापुढे वर्षाला 30 दिवसांचे. आकडा दर वेळी तोच येतो. कर्ज फिटतं आणि हातात थोडं उरतं. "आबा आता नीट बोलू शकत नाहीत. मी गेलो की डाव्या हाताने माझा हात धरतात आणि सोडत नाहीत. विमानतळावर जायची वेळ झाली की आई त्यांची बोटं एक-एक करून सोडवते. तीन वेळा झालं हे. चौथ्यांदा मला जमणार नाही." आणि मग, "खरं सांग. मूर्खपणा करतोय का मी?"

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला प्रत्येक प्रश्नाचे फायदे-तोटे मांडायची सवय. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मी जे तोटे सांगणार होतो, त्यातले निम्मे त्याचे नव्हते. तो गेल्यावर शुक्रवारी रात्री फोन कुणाला करायचा, गाडी बंद पडली तर कुणाला बोलवायचं, हे माझे तोटे होते. मी एवढंच म्हणालो, "नाही. मूर्खपणा नाही."

तो 'हं' म्हणाला आणि भडंगाची पिशवी माझ्याकडे सरकवली.

उरलेले तीन दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नाही. एका सकाळी डोंगरावर चढलो. वरून सगळं बेट दिसतं, चारी बाजूंनी फिकट हिरवं पाणी आणि त्यात होड्यांच्या रेघा. एक दिवस कॅफेटेरियावाल्या भावाने आग्रहाने मीनकरी खायला घातली. तो या बेटावर एकवीस वर्षं आहे. मी त्याला विचारलं, परत कधी? तो हसून म्हणाला, "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." अण्णाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. एका दुपारी आम्ही पाठीवर पडून पाण्यावर तरंगलो. कानात पाणी गेल्यावर जगाचा आवाज बंद होतो. किती वेळ गेला कळलं नाही. बाहेर आलो तेव्हा दोघांचीही नाकं सोलून निघालेली. गेल्या अकरा वर्षांत मी इतका वेळ कामाशिवाय राहिलो नव्हतो, आणि ऑफिसचं काहीही अडलं नव्हतं. ही गोष्ट जरा लागलीच म्हणा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याला अबू धाबीच्या विमानतळावर सोडलं. सामानाचं वजन जास्त भरलं. काय काढायचं यावर काउंटरपाशी पाच मिनिटं वाद झाला आणि शेवटी त्याने तवा काढून माझ्या हातात दिला. "तुला भाकरी येत नाही. शीक." पुण्याच्या विमानाची घोषणा झाली. मिठी-बिठी आमच्यात नाही. त्याने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि गेला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, कुफालचंही. ती म्हणाली, "मग आपणही तारीख ठरवू ना. लांबची का असेना." तीन रात्री पोरगी झोपल्यावर आम्ही हिशोब मांडला. फ्लॅटचे उरलेले हप्ते, शाळेचं वर्ष, तिच्या नोकरीचं काय. दोन वेळा भांडलो. एका तारखेवर आलो. ती पुढच्या वर्षाची नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पण ती तारीख आहे. 'बघू' नव्हे.

शुक्रवारी बाबांना फोन केला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. अण्णा येऊन भेटून गेला, आबा आता काठी धरून अंगणापर्यंत येतात, हे त्यांनीच सांगितलं. मग मी तारीख सांगितली. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"थांब," बाबा म्हणाले, "पेन घेतो. यंदाच्या कालनिर्णयात ते पान नाही. मागच्या बाजूला लिहून ठेवतो."